कवळ्यांचे बहुमत

कारखान्याला कारखाना म्हणायचे ते केवळ मालकांच्या समाधानासाठी. एरवी ती एक लांबट खोली होती. तिच्यात चार माणसे बसत आणि दातांच्या कवळ्या बनवत. शहरातले दंतवैद्य तोंडांचे ठसे पाठवत आणि इथून त्या तोंडांसाठी हसू तयार होऊन जाई. रस्त्याच्या अंगाला बुवा बसत. ते ठशांत प्लास्टर ओतून साचे काढत. त्यांच्या शेजारी मेणवाल्या वहिनी दिव्याच्या ज्योतीवर मेण मऊ करून त्यात एकेक दात रोवत. मग मालकांचे जावई. तयार कवळी दोन्ही हातांत धरून टकटक वाजवायची आणि वरचे दात खालच्यांशी जुळतात की नाही ते ऐकायचे, एवढेच त्यांचे काम, आणि तेही त्यांना पेलत नसे. सर्वांत आत, भिंतीला जवळजवळ नाक लावून, मावशी. मावशी पॉलिश करत. चाकावर धरलेल्या कवळीतून गुलाबी भुकटी उडे आणि मावशींच्या केसांत, भुवयांत आणि छातीत जाऊन बसे.

खोलीला एकच खिडकी होती आणि त्या खिडकीपुरती तिथे लोकशाही होती.

बाकी कशात नव्हती. कामाचे तास मालक ठरवत, रजा मालक ठरवत, पगाराबद्दल तर बोलायलाच नको. पण फार पूर्वी एकदा खिडकीवरून बुवा आणि मावशी यांच्यात अशी काही जुंपली की मालक केबिनमधून बाहेर आले, दोन्ही हात पसरून गोड हसले आणि म्हणाले, "मी कोण ठरवणारा? खिडकी तुमची. तुम्हीच बहुमताने ठरवा. आपण काही हुकूमशहा नाही." त्या दिवसापासून कारखान्यात कोणी पगाराचा विषय काढला नाही. सगळ्यांच्या सगळ्या रागाला खिडकी पुरू लागली.

मतदानाची रीत त्यांनीच बसवली. फसलेल्या कवळ्यांचा एक डबा होता. प्रत्येकाने त्यातून एक कवळी उचलली, छोट्या पितळी बिजागरीवर चढवली आणि खिडकीखालच्या फळीवर मांडली. जबडा उघडा ठेवला तर खिडकी उघडी, मिटला तर बंद. सकाळी ज्याला मत बदलायचे असेल त्याने आपला जबडा हलवायचा. मग मालकांनी यायचे, जबडे मोजायचे आणि निकाल सांगायचा. बरोबरी झाली तर खिडकी काल होती तशी. नियम एकच: दुसऱ्याच्या मताला हात लावायचा नाही. बुवांच्या कवळीला एक दात जास्त होता. जावयांच्या कवळीत वरचे आणि खालचे दात एकमेकांना कधी भेटतच नसत. ती त्यांनी स्वतः तपासून पास केली होती.

हे सगळे झाले तेव्हा खोलीत सहा माणसे होती. पुढे मोठे मिस्त्री वारले. त्यांच्या कवळीचा जबडा शेवटच्या दिवशी मिटलेला होता, तो मिटलेलाच राहिला. मग दातांचा रंग जुळवणारे रंगकाका निवृत्त झाले आणि जाताना घाईत तेही आपला जबडा मिटून गेले. माणूस गेला म्हणजे त्याचे मतही जावे, हे कुणाच्या डोक्यातच आले नाही. इतर कुठल्याही धंद्यातल्या माणसांना ते सुचले असते. पण इथल्या मंडळींना जन्मभर एकच ज्ञान होते, की माणूस जातो, दात राहतात. त्यामुळे एक मेलेला आणि एक निवृत्त असे दोन नागरिक रोज सकाळी न चुकता मतदान करत होते आणि खोलीतल्या जिवंत माणसांपेक्षा त्यांची मते पक्की होती.

बुवांचे मत बंदच. त्यांची मान उघडी, डोके त्याहून उघडे, आणि वारा नेमका तिथेच लागे. वहिनींचे बंद, कारण वाऱ्याने दिव्याची ज्योत हलली की मेणातला दात वाकडा बसे. जावई एक दिवस उघडे, एक दिवस बंद. त्यामुळे दोन्ही बाजू त्यांना चहा पाजत. "मी तत्त्वाचा माणूस नाही," ते कप फुंकत म्हणत, "मी समतोलाचा माणूस आहे." मावशींचे पहिल्या दिवसापासून उघडे. आणि मालक रोज सकाळी फळीपुढे उभे राहून, जणू काही वेगळे लागणार होते अशा थाटात मोजून म्हणत, "बंद."

या व्यवस्थेत मावशींनी वर्षे काढली. मग त्यांना धाप लागू लागली. आधी जिन्यावर, मग सपाटीवर, मग बसल्या जागी. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, पाठीला लावली, बराच वेळ ऐकले आणि विचारले, "तिथे खिडकी आहे का?"

"आहे," मावशी म्हणाल्या. "पण बहुमत नाही."

डॉक्टरांना विनोद कळत नसे. ते म्हणाले, "खिडकी उघडी ठेवून काम करा, नाहीतर काम सोडा. तिसरा मार्ग माझ्याकडे नाही."

काम सोडायचे म्हणजे दिवसभर घरी राहायचे, आणि घरी मास्तर होते.

मास्तर म्हणजे मावशींचे यजमान. जन्मभर त्यांनी शाळेत नागरिकशास्त्र शिकवले आणि निवृत्तीनंतर विद्यार्थी उरले नाहीत म्हणून ते घरात शिकवू लागले. आरामखुर्चीतून त्यांना सगळे जग स्पष्ट दिसे. फक्त दोरीवर टाकायचे ओले कपडे दिसत नसत.

"अगं, हा लोकशाहीचा दोष नाही," मावशींची हकिकत ऐकून मास्तर म्हणाले. "आधी गुण बघ. एक, माणसं डोकी न फोडता डोकी मोजतात. दोन, चूक झाली तर ती सुधारता येते. तीन—"

"मला धाप लागते. ती कितव्यात येते?"

"अल्पमताचं संरक्षण. येते ना. पाचव्यात."

"मग पाचव्यापर्यंत मी टिकते का ते बघू. तोवर उठा आणि कपडे वाळत घाला."

"हे असं हुकूम सोडणं बरं नाही. चर्चेने ठरवू. तू प्रचार कर, लोकांची मनं वळव. शेवटी लोकशाहीचं भवितव्य सुजाण नागरिकाच्या हाती असतं."

मावशींनी डोळे मिटून सुजाण नागरिक नजरेपुढे आणून पाहिला. बुवा आले, त्यांच्यामागून जावई आले. मावशींनी घाईने डोळे उघडले आणि स्वतःच कपडे वाळत घातले.

पण आकडेमोड त्यांनी केली. सहा जबडे. बुवा वळणार नव्हते, आणि मोठ्या मिस्त्रींपर्यंत पोचायची मावशींना इतक्यात घाई नव्हती. म्हणजे उरलेले चारही हवेत. स्वतःचे एक होतेच.

वहिनींपासून सुरुवात झाली. मावशींनी घरून एक रिकामा पत्र्याचा डबा आणला, एका बाजूने कापला आणि वहिनींच्या दिव्याभोवती उभा केला. "आता फुंकर मारा," त्या म्हणाल्या. वहिनींनी फुंकर मारली. ज्योत हलली नाही.

"हे छानच झालं हो," वहिनी म्हणाल्या. "पण मी जबडा नाही उघडायची."

"का?"

"बुवा माझ्या भावाला नोकरी लावणार आहेत."

"कुठे?"

"ते अजून ठरलेलं नाही."

"कधीपासून लावताहेत?"

वहिनींनी हिशेब केला. "भावाचं लग्न व्हायचं होतं तेव्हापासून."

"आणि आता त्याला?"

"मोठा मुलगा यंदा कॉलेजात गेला," वहिनी म्हणाल्या आणि आपल्याच उत्तराकडे थोडा वेळ बघत बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा जबडा उघडा होता. बुवांनी तो पाहिला आणि प्लास्टर घोटता घोटता, कुणाचे नाव न घेता, हल्लीच्या बायकांच्या कृतघ्नपणाविषयी बोलले.

जावयांसाठी मावशींना एवढीही मेहनत पडली नाही. चहा पुढे ठेवत त्या सहज म्हणाल्या, "परवा मालक म्हणत होते, जावयाला स्वतःचं मत म्हणून नाही."

"असं म्हणाले?"

"आम्ही म्हटलं, नसेल बाई. मोठ्यांच्या घरी कशाला लागतं."

जावयांनी कप खाली ठेवला, तरातरा फळीपाशी गेले आणि आपला जबडा असा फाकवला की बिजागरी वाकली. आता बरोबरी झाली, आणि बरोबरीत खिडकी काल होती तशी. राहिले रंगकाका.

"मावशी, खोकल्याचं राजकारण करताय तुम्ही," बुवा मागून म्हणाले.

"तुमच्या टकलाचं चालतं, ते?"

"मानेला थंडी वाजते हो."

"मफलर घ्या."

"मफलर हा खाजगी प्रश्न झाला. खिडकी सार्वजनिक आहे."

रंगकाका मुलाकडे राहत. इमारत उंच, घर शेवटच्या मजल्यावर, आणि लिफ्ट दुरुस्तीला काढलेली. श्वासासाठी प्रचार करायला निघालेल्या मावशी प्रत्येक मजल्यावर श्वासासाठी थांबल्या. काका गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. आयुष्यभर लोकांचे दात केले, पण स्वतःचे तोंड बोळके. कवळ्या कशा बनतात ते माहीत असल्यामुळे त्यांनी कधी बसवली नव्हती.

"म्हणजे माझं मत अजून मोजतात?" सगळे ऐकून झाल्यावर त्यांनी विचारले.

"रोज."

"रोज!" काका खुर्चीत सरळ झाले. "सूनबाई! ऐकलंस का? माझं मत मोजतात!"

"बरं," आतून आवाज आला. "चहात साखर घातलेली नाही. नंतर ओरडू नका."

काकांनी आवाज खाली आणला. या घरात त्यांना कुणी काही विचारत नसे. टीव्हीवर काय लावायचे ते नातू ठरवी, दिवा कधी मालवायचा ते सून ठरवी, आणि मुलगा ऑफिसातून आला की "काय, बरंय ना?" असे विचारून उत्तर येण्याआधी आत जाई. आणि तिकडे, दोन रस्ते पलीकडे, इतकी वर्षे एक खिडकी त्यांच्या इच्छेने बंद होती.

"माझं काम एवढंच," मावशी म्हणाल्या, "एकदा चला आणि जबडा उघडा."

"असं लगेच कसं?" काका म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर एक भारदस्त भाव आला. असा भाव मावशींनी आजवर फक्त भिंतींवरच्या पोस्टरांत पाहिला होता. "दोन्ही बाजू ऐकल्या पाहिजेत. विचार करावा लागेल. पुन्हा या."

मावशी पुन्हा गेल्या. काकांनी दाढी केली होती. त्यांनी खिडकीचा इतिहास विचारला, वाऱ्याची दिशा विचारली, आणि पुन्हा या म्हणाले. तिसऱ्या खेपेला दारातच बुवा भेटले, उतरताना. आत काका द्राक्षे चोखत बसले होते.

"बुवांचंही म्हणणं अगदीच चूक नाही," काका म्हणाले. "मान म्हणजे शेवटी मान."

"आणि छाती?"

"तीही महत्त्वाचीच. म्हणून तर निर्णय अवघड आहे. बसा ना. सूनबाई, मावशींना चहा. साखर घालून." आणि सूनबाईंनी, घरी अशी येणारी-जाणारी माणसे बघून, चक्क साखर घातली.

असे चालू राहिले. मावशी जिने चढत, काका विचार करत. बुवा संत्री नेत, काका मान डोलावत. काकांना नवा शर्ट आला. शेजारचे दोन म्हातारे दरबार बघायला येऊन बसू लागले. एकदा तर काकांनी "सध्या देशापुढे" अशी वाक्याची सुरुवात केली आणि नातवाने टीव्हीचा आवाज कमी केला. मावशी हे सगळे धापा टाकत पाहत होत्या. त्यांच्या मनात आले, की ज्या माणसाला स्वतःच्या चहातली साखर ठरवता येत नाही त्याच्या हातात आपले फुप्फुस आहे, आणि तो त्याच्याशी गोट्या खेळतो आहे.

एके दिवशी त्या चौथ्या मजल्याच्या पायरीवर बसल्या आणि उठताच येईना. वरून खाली जाणारे लोक त्यांना वळसा घालून गेले. बऱ्याच वेळाने त्या वर पोचल्या, तेव्हा ओठ निळसर झाले होते. काकांनी तोंड उघडायच्या आत त्याच बोलल्या, तुटक तुटक.

"काका, तुम्ही जबडा उघडणार नाही. बंदही ठेवतो म्हणणार नाही. एकदा मत दिलंत की तुम्हाला विचारायला कुणी येणार नाही, हे तुम्हाला पक्कं कळलंय. तेवढंच कळलंय."

शेजारच्या म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. काकांचे बोळके तोंड दोनदा हलले.

"मग नंतरही येत जा ना," ते शेवटी म्हणाले. आता त्यांचा आवाज पोस्टरातल्या माणसाचा नव्हता.

"खिडकी उघडली तर दम राहील," मावशी म्हणाल्या. "दम राहिला तर जिने चढेन. नाहीतर तुम्हालाच यावं लागेल, माझ्या घरी, मास्तरांना भेटायला. म्हणजे ते तुम्हाला गुण सांगतील. पहिल्यापासून."

काकांनी मास्तरांना एकदा ऐकले होते. ते म्हणाले, "उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आले. नवा शर्ट, कडक इस्त्री. सगळ्यांनी उभे राहावे अशी त्यांची अपेक्षा होती, आणि बुवासुद्धा उभे राहिले, कारण संत्री त्यांनी नेली होती. काका फळीपाशी गेले. त्यांची कवळी धुळीने राखाडी झाली होती आणि दाढांमध्ये कोळ्याने घर केले होते. काकांनी फुंकर मारली, रुमालाने एकेक दात पुसला. "शेड चुकली होती हिची," ते स्वतःशीच पुटपुटले. मग दोन्ही अंगठे लावून त्यांनी जबडा उघडला. गंजलेली बिजागरी किंचाळली.

मालक आले. मोजले. पुन्हा मोजले.

"चार उघडे, दोन बंद. खिडकी उघडी," ते म्हणाले आणि हसून टाळ्या वाजवल्या. "अभिनंदन! लोकशाहीचा विजय!" आणि केबिनमध्ये गेले.

मावशी उठल्या. टेबलांना धरत धरत खिडकीपाशी आल्या. कडी काढली. झडप ढकलली. झडप हलली नाही. जावयांनी खांदा लावला. काच थरथरली, झडप नाही.

"कौल मिळाला, ताकद नाही मिळाली वाटतं," बुवा हात बांधून म्हणाले.

वहिनींनी काचेला गाल चिकटवून बाहेर पाहिले. मग म्हणाल्या, "अहो, बाहेरून खिळे आहेत. ओळीने. वरून रंगसुद्धा दिलाय."

मालकांना पुन्हा बाहेर बोलावण्यात आले. त्यांना आश्चर्य वाटले ते लोकांना आश्चर्य वाटल्याचे.

"मागे बाहेरून रंग दिला ना, तेव्हा रंगाऱ्याला म्हटलं, हिची उघडझाप होतच नाही, तर ठोकून टाक. वाऱ्याने आपटायला नको."

"पण मतदान रोज होत होतं," वहिनी म्हणाल्या.

"होऊ दे की. मी कधी आड आलो?"

"आणि निकाल?"

"निकाल बंदचाच लागायचा. मी फक्त निकालाच्या जरा पुढे गेलो." मालकांचा आवाज समजूत घालणारा झाला. "हे बघा, मत देण्यात माणसाला समाधान असतं. तुम्हाला ते रोज मिळत होतं. आता खिडकी उघडायची की नाही हे तुम्ही ठरवलंत, उत्तम. खिळे काढायचे की नाही, तो इमारतीचा विषय. इमारत माझी."

मावशींनी त्यांच्याकडे पाहिले. त्यांचे हसू म्हणजे तासून द्यावी अशी कवळी होती, पण तेवढा श्वास त्यांच्याजवळ नव्हता. त्या स्टुलावर बसल्या. आणि तेवढ्यात, ज्या माणसाकडून खोलीत कुणालाच कसली अपेक्षा नव्हती, तो माणूस बोलला.

"म्हणजे मी जिंकत नव्हतो?" बुवा म्हणाले.

"जिंकत होतात की, रोज," मालक म्हणाले.

"खिळे जिंकत होते."

"एकच झालं, बुवा."

"एकच कसं झालं?" बुवांच्या टकलावर रक्त चढले. "घरी माझं कुणी ऐकत नाही. बायको नाही, पोरगा नाही. गल्लीत नाही, इथे नाही. एक खिडकी होती, ती माझ्या मताने बंद राहायची. मी बायकोला सांगायचो, आजही जिंकलो. आणि ती ठोकलेली होती?"

मावशींच्या मनात आले, की माझ्या छातीला जितके लागले नसेल तितके या माणसाच्या गर्वाला लागले. पण मूर्खाला योग्य दिशेने निघालेला पाहून अडवायचे नसते.

बुवांनी साचे फोडायचा हातोडा घेतला, छिन्नी घेतली आणि चपला घालून रस्त्यावर गेले. काचेतून त्यांचे डोके दिसू लागले. पहिला खिळा निघाला तेव्हा रंगाचा मोठा पोपडा सुटला.

"बुवा, रंग! रंग गेला!" मालक आतून ओरडले.

"उद्या मी ही खिडकी परत बंद करणार आहे!" बुवा बाहेरून ओरडले. जाणारे-येणारे थांबले. "बहुमताने करणार! आतून कडी लावणार, आणि मावशींच्या डोळ्यांदेखत लावणार! पण खिळ्याच्या जिवावर नाही जिंकायचं मला!"

मास्तरांना पाचव्या मुद्द्यापर्यंत जाऊनही जे सांगता येत नसे ते या माणसाने रस्त्यात उभे राहून, हातात हातोडा घेऊन, शिव्या घालायच्या सुरात सांगितले होते. आपण काही शहाणे बोललो हे त्यांच्या गावीही नव्हते. मावशींनी ते त्यांना कळूही दिले नाही; कळले असते तर रोज बोलले असते.

शेवटचा खिळा निघाला आणि झडप आपटत उघडली. रस्त्याचा आवाज आत आला, पेट्रोलचा वास आला, कुठल्याशा घरातल्या तळणाचा वास आला आणि वारा आला. वहिनींनी दिव्याकडे पाहिले. डब्यामागे ज्योत उभी होती. मावशींनी तोंड उघडून एक श्वास घेतला. तो अर्ध्यात अडला नाही. म्हणून त्यांनी आणखी एक घेतला.

खिडकीच्या बरोबर समोर मालकांच्या केबिनचे दार होते. वारा खोली ओलांडून सरळ तिथे शिरला.

"गार वारा येतोय आत," मालक केबिनच्या दारात उभे राहून म्हणाले. "जरा लोटून घ्या ती."

कुणी जागचे हलले नाही.

"निकाल लागलाय, मालक," आत येऊन हात झटकत बुवा म्हणाले. "आता उद्या सकाळी."

"अरे, पण वारा मला लागतोय!"

"मला इतकी वर्षं धूळ लागत होती," मावशी म्हणाल्या. "तुम्हीही डब्यातली एक कवळी घ्या आणि ठेवा फळीवर."

मालक फळीकडे वळले. "माझं एक मत कितीचं धराल?"

"एकाचं."

"मालकाचंही?"

"बुवांचंही एकाचंच धरतो," वहिनी म्हणाल्या, "आणि त्यांच्या डोक्याची अवस्था तुम्ही बघताच आहात."

दुसऱ्या दिवशी सकाळी फळीवर सातवी कवळी होती. मालकांनी डबा उपसून त्यातल्या त्यात बरी कवळी काढली होती, आणि तिचा जबडा घट्ट मिटला होता. मोठे मिस्त्री बंद, बुवा बंद, मालक बंद. मावशी, वहिनी आणि रंगकाका उघडे. राहिले जावई. ते फळीपुढे उभे होते आणि मागे सासरे उभे होते. जावयांनी आपल्या कवळीकडे पाहिले, सासऱ्यांकडे पाहिले, पुन्हा कवळीकडे पाहिले. बुवांनी खाकरून त्यांना धीर दिला. मावशींनी चाकावर हात ठेवला, पण चाक सुरू केले नाही.

"मामा," जावई म्हणाले, "मी बंद केली तर तुम्ही म्हणाल, याला स्वतःचं मत नाही."

"मी असं कधी म्हटलं?" मालक म्हणाले.

"आणि उघडी ठेवली तर?"

मालकांनी कॉलर वर केली. जावयांनी जबड्याला हात न लावता दोन्ही हात पाठीमागे नेले आणि आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्यांच्या डोळ्यांदेखत स्वतःच्या मतावर राहिले.

आता निकाल सांगायचा होता, आणि तो सांगायचे काम पहिल्यापासून मालकांचेच होते. त्यांनी जबडे मोजले. एकदा डावीकडून मोजले, एकदा उजवीकडून. मग त्यांनी खोलीभर नजर फिरवली, की कुणीतरी म्हणेल, राहू द्या मालक, तुम्हाला त्रास होतो आहे. खोलीतले कुणी तसे म्हणाले नाही. बुवासुद्धा नाही, ते बोटांवर मोजत होते आणि उद्यासाठी कोण फोडता येईल याचा विचार करत होते.

"उघडी," मालक म्हणाले, आणि शिंकले.

मावशींनी चाक सुरू केले.